फॅक्टरीत एईडी बसवलं: मशीन चांगलं आहे, पण रक्त फिरतंय का ते त्याला कळत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, मी तिथे टाईम ऑफिसला असते आणि फर्स्ट एडचं कामही माझ्याकडेच, त्यामुळे एईडी घ्यायचं ठरलं तेव्हा कोटेशन मागवण्यापासून भिंतीवर पेटी ठोकून घेण्यापर्यंत सगळं मीच बघितलं. आता बरेच जण विचारतात, शेजारच्या युनिटवाल्यांनी विचारलं, जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, की मशीन कसं आहे, घ्यावं का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. घ्यावं. नक्की घ्यावं. पण विकणारा जे सांगत नाही आणि मशीनच्या पेटीवर जे छापलेलं नाही ते आधी समजून घ्या, कारण ते माहीत नसेल तर मशीन शेजारी चालू असताना माणूस जाऊ शकतो.

ज्यांना एईडी म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणूस अचानक कोसळला, हाक मारून हलवून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, म्हणजे हृदय बंद पडलंय असं धरायचं. अशा वेळी छाती दाबत राहायचं आणि जवळ एईडी असेल तर त्याचे दोन पॅड छातीला चिकटवायचे, मशीन स्वतः हृदयातली वीज तपासतं आणि शॉक द्यायचा की नाही ते सांगतं, आपण फक्त बटण दाबायचं. डॉक्टर असायची गरज नाही. आणि घाई का, तर सीपीआर (म्हणजे हेच छाती दाबणं) आणि शॉक दोन्ही मिळालं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिच्यामुळे कितीतरी लोक वाचलेत, पण असारा चौकात नाहीतर सात रस्त्याला संध्याकाळी काय ट्रॅफिक असतं ते आपल्याला माहीतच आहे, गाडी येईपर्यंतची ती पहिली मिनिटं आपल्याच हातात असतात.

आमचं मशीन एका परदेशी कंपनीचं, डीलर पुण्याचा. दोघांचीही नावं लिहीत नाही, कारण जी तक्रार मी करणार आहे ती थोड्याफार फरकाने बऱ्याच मशीनना लागू पडते आणि एकालाच धरून बोलणं बरोबर नाही. किंमत लाखाच्या आत-बाहेर गेली. मालकांनी एका शब्दात हो म्हटलं, त्यांच्या ओळखीतले एक यंत्रमाग कारखानदार सकाळी कंबर तलावाला चालायला गेले असताना गेले होते, त्यामुळे त्यांना जास्त समजवावं लागलं नाही.

आधी चांगलं सांगते. झाकण उघडलं की मशीन बोलायला लागतं, आवाज मोठा आणि स्पष्ट आहे, लूम चालू असताना शेडमध्ये सुद्धा ऐकू येतो (कानाजवळ असेल तर, लांबून नाही). पॅडवर चित्रं आहेत, एक उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेच्या खाली, अडाणी माणूसही बघून लावेल. छाती दाबायला ताल देतं, मिनिटाला १०० ते १२० मध्ये बसणारा, हे फार कामाचं आहे कारण घाबरलेला माणूस एकतर फार हळू दाबतो नाहीतर धडाधड सुटतो. रोज स्वतःची टेस्ट स्वतः करतं आणि हिरवा दिवा लुकलुकत ठेवतं. आमच्या वॉचमन काकांना मी सांगून ठेवलंय, रात्रपाळीला फेरी मारताना दिवा बघायचा आणि वहीत सही करायची, आणि ते करतात, एक दिवस चुकलेलं नाही.

आता शॉक द्यायचा की नाही हे ठरवण्यात मशीन किती भरवशाचं, हे लोक सगळ्यात आधी विचारतात. त्यात ते खरंच भरवशाचं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९९७ मध्येच या मशीनसाठी निकष घालून दिले, नॉर्मल ठोके असलेल्या माणसाला शॉक सांगायची चूक शंभरात एकापेक्षाही कमी असली पाहिजे असे कडक निकष, आणि चांगल्या कंपन्यांची मशीन त्यात बसतात. त्यामुळे "आपल्या हातून चांगल्या माणसाला शॉक बसला तर" ही भीती काढून टाका. बेशुद्ध आणि नीट श्वास नसलेल्या माणसालाच लावायचं, एवढं पाळलं की झालं. हे पाळायलाच हवं, कारण काही माणसांचं हृदय फार वेगाने धावत असतं पण नाडी चालू असते, माणूस शुद्धीवर असतो, आणि मशीनला ती वीज शॉक देण्यासारखी वाटू शकते. नाडी आहे की नाही ते मशीन बघतच नाही.

आणि इथूनच माझा खरा मुद्दा सुरू होतो.

डीलरने ट्रेनिंगसाठी माणूस पाठवला होता. ट्रेनिंगचं मशीन वेगळं असतं, दिसायला सेम, शॉक खरा देत नाही, आणि शिकवणाऱ्याच्या हातात रिमोट असतो, त्याने कुठला प्रसंग चालवायचा ते ठरवता येतं. कँटीनमध्ये टेबलं बाजूला सारून पुतळा खाली ठेवला होता. पहिल्या दोन वेळा शॉक सांगितला, सगळ्यांनी बरोबर केलं, लांब सरकले, बटण दाबलं, परत छाती दाबायला लागले. तिसऱ्या वेळी सरांनी रिमोटवर दुसरा प्रसंग लावला. मशीन हिंदीत म्हणालं, शॉक की सलाह नहीं दी जाती. मग थोडं थांबलं. मग म्हणालं, मरीज को छूना सुरक्षित है. मग परत थांबून, जरूरत हो तो सीपीआर शुरू करें. आणि आमच्या वार्पिंगच्या (मागासाठी ताणा तयार करायच्या खात्यातल्या) मुलाने, जो एवढा मन लावून दाबत होता, त्याने हात काढले आणि हसून सगळ्यांकडे बघितलं. दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. हेमिंगच्या अक्का म्हणाल्या, "बरं झालं बाई, वाचला." त्या मुलाने परत छातीवर हात ठेवावा म्हणून मी पुढं झाले तर मागून एक जण म्हणतो, "काय करलालाव मॅडम, शॉक नको म्हणलं की मशीन, ठीक हाय आता त्यो."

पुतळा होता म्हणून ठीक. तो खरा माणूस असता तर त्या टाळ्यांच्या वेळात त्याचा मेंदू मरत असता.

शॉक नको याचा अर्थ माणूस ठीक आहे असा नसतो. शॉक नको याचा अर्थ एवढाच की हृदयातली आत्ताची वीज शॉकने सुधारणारी नाही. शॉकचा उपयोग दोनच प्रकारांत होतो, एक म्हणजे हृदय नुसतं थरथरतंय, ज्याला डॉक्टर व्हीएफ म्हणतात, आणि दुसरा म्हणजे खालचा कप्पा बेफाम वेगाने धावतोय आणि नाडी नाही, त्याला व्हीटी. बाकी दोन प्रकार उरतात. एकात वीज पूर्ण बंद, सरळ रेष. आणि दुसरा जो सगळ्यात फसवा, त्याला पीईए म्हणतात, त्यात वीज व्यवस्थित चालू असते, रेषेवर ठोक्यासारख्या लाटा येतात, पण हृदयाचा स्नायू रक्त ढकलतच नाही, नाडी शून्य. या दोन्हीत मशीन म्हणणार शॉक नको, माणूस खरंच सावरला असेल तेव्हाही मशीन हेच म्हणणार. तीन वेगळ्या परिस्थिती, एकच वाक्य. मरण आणि जगणं एकाच वाक्यात.

माझी वहिनी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, तिला मी हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, आमच्याकडे सुद्धा नवीन मुली मॉनिटरकडे बघतात, लाईन छान दिसते, आणि गळ्याला बोट लावलं तर काही नाही. जुन्या सिस्टर आधी पेशंटला हात लावतात, मग स्क्रीन बघतात. पण तीच पुढे म्हणाली की हात लावून सुद्धा कळतंच असं नाही, आपलीच बोटं धडधडत असतात, आपलीच नाडी आपल्याला लागते. तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे, नंतर मी वाचलं तर १९९६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी हे तपासून बघितलं होतं, बायपास ऑपरेशनच्या पेशंटवर, कारण तिथे हार्ट-लंग मशीनवर असताना नाडी खरोखर नसते आणि ते नक्की माहीत असतं. तपासणाऱ्यांना मानेची नाडी बघून आहे की नाही ते सांगायला लावलं, आणि दहा सेकंदांत बरोबर सांगणारे फारच थोडे निघाले, शिकलेल्यांतले सुद्धा. त्यानंतर २००० सालच्या नियमांत सामान्य माणसाने नाडी बघायचीच नाही असं ठरलं. बेशुद्ध, श्वास नीट नाही, दाबायला सुरू. बस.

म्हणजे बघा, माणसाला नाडी नीट कळत नाही म्हणून नाडी बघणं काढून टाकलं, आणि मशीनला तर ती कळतच नाही. आणि तरीही मशीन म्हणतं, गरज असेल तर सीपीआर द्या. गरज आहे की नाही हे कुणी ठरवायचं? वार्पिंगच्या त्या एकवीस-बावीस वर्षांच्या पोराने? हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कधी लोकांच्या गराड्यात खाली बसून छाती दाबलेली नसणार असं मला मनापासून वाटतं. काही मशीन असं म्हणत नाहीत, सरळ सीपीआर सुरू करा म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. घेण्याआधी डेमोमध्ये हा प्रसंग मुद्दाम लावायला सांगा आणि मशीन नक्की काय बोलतं ते कान देऊन ऐका, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

मग मशीनला रक्त फिरतंय का ते शिकवता येणार नाही का, हा प्रश्न मला पडला आणि मी त्याच्या मागेच लागले. तर गंमत अशी की त्यासाठी लागणारी अर्धी गोष्ट मशीनमध्ये आधीच आहे. पॅड नीट चिकटलेत का ते बघायला मशीन दोन पॅडमधून अगदी बारीक करंट सोडून छातीचा विजेला होणारा अडथळा मोजत असतं. हा अडथळा स्थिर नसतो. फुप्फुसात हवा भरली की तो वाढतो, आणि हृदयाने रक्त ढकललं की तोही जरासा हलतो, कारण रक्तातून वीज हवेपेक्षा सहज जाते. म्हणजे त्याच दोन पॅडमधून, वेगळी वायर न लावता, रक्त हललं का याची खूण मिळू शकते. फक्त ती खूण फार बारीक, ओहमचे काही शतांश भाग, आणि श्वासाचा बदल त्याच्या कितीतरी पट मोठा, आणि कुणी छाती दाबत असेल तर त्या धक्क्यांत ती पूर्ण बुडून जाते. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत होम मैदानावर उभं राहून कुणाचं तरी कुजबुजणं ऐकायचा प्रयत्न करावा तसं ते आहे.

म्हणून संशोधक दोन्ही एकत्र बघतात, हृदयाची वीज आणि हा अडथळा. वीज म्हणते ठोका पडला, मग त्याच क्षणी अडथळ्यात तेवढाच छोटा बदल झाला का? प्रत्येक ठोक्यामागे झाला तर रक्त ढकललं जातंय, नाही झाला तर पीईए. स्पेनच्या बास्क भागातल्या विद्यापीठातले लोक यावर बरीच वर्षं काम करतायत, २०१६ मध्ये त्यांनी ही जोडणी करून दाखवणारा अभ्यास छापला, २०१९ मध्ये न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) वापरून नुसत्या विजेच्या रेषेवरून नाडी असेल का ते ओळखायचा प्रयत्न केला. बेलफास्टचे लोकही या अडथळ्याच्या मागे होते, आणि बेलफास्ट म्हणजे तेच गाव जिथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ मध्ये अँब्युलन्समध्ये नेता येईल असं पहिलं डिफिब्रिलेटर बनवलं, गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं, वजन सत्तर किलोच्या आसपास. आज आमच्या भिंतीवरचं मशीन मी एका हाताने उचलते. वजनात एवढा पल्ला गाठला, तर हा प्रश्नही सुटेल, मला आशा आहे.

दुसरे मार्गही आहेत. हॉस्पिटलमध्ये नळी टाकलेल्या पेशंटच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड मोजतात, वहिनी त्याला कॅप्नो म्हणते. रक्त फिरलं तरच शरीरातला कार्बन डायऑक्साईड फुप्फुसापर्यंत येतो, त्यामुळे सीपीआर चालू असताना तो आकडा एकदम उसळला की हृदय परत सुरू झालं असं समजतात, आणि त्यासाठी दाबणं थांबवायलाही लागत नाही. पण त्याला नळी, मशीन, माणसं लागतात, आपल्या शेडमध्ये ते होणार नाही. प्रकाशाने बघणारे सेन्सर पण आहेत, आपल्या बोटाच्या ऑक्सिमीटरसारखे. आता करोनानंतर घराघरात ऑक्सिमीटर आहे, आमच्या ट्रेनिंगमध्येही एकाने विचारलंच, तो लावून बघू का. नका बघू. कोसळलेल्या माणसाच्या बोटात रक्त पोहोचत नाही, हात हलतोय, आकडा येतो-जातो, आणि तो शोधण्यात जी मिनिटं जातील ती परत मिळणार नाहीत. तसं गुगलच्या पिक्सेल वॉच ३ मध्ये नाडी थांबल्याचं ओळखून मदतीला फोन लावायची सोय २०२४ मध्ये युरोपातल्या काही देशांत आली आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिला परवानगी दिली, पण ती सोय चालू नाडी गेल्याचं ओळखते, धडपडीत परत आली का ते नाही, तो वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न.

काही मशीन वेगळ्या वाटेने सुधारली आहेत आणि तेही पैसे मोजण्यासारखं आहे. झोल नावाच्या कंपनीच्या एईडी प्लस मशीनच्या पॅडमध्ये छाती किती खोल दाबली जातेय ते मोजणारा सेन्सर असतो आणि कमी पडलं तर मशीन जोरात दाबा म्हणतं, मोठ्या माणसाला निदान ५ सेंटीमीटर खोल जायला हवं आणि दमलेला हात तिथवर पोहोचत नाही. लाईफपॅक सीआर२ या दुसऱ्या मशीनमध्ये दाबणं चालू असतानाच वीज तपासायची सोय आहे, म्हणजे तपासणीसाठी हात काढून बसायचा वेळ वाचतो. आमच्या मशीनमध्ये यातलं काहीच नाही, दर दोन मिनिटांनी ते म्हणतं रुग्णाला हात लावू नका, आणि तेवढा वेळ रक्त थांबतं. ट्रेनिंगला आमच्या लोकांना सगळ्यात जड हेच गेलं, थांबा म्हटलं की थांबायचं, आणि सांगून झालं की एका क्षणात परत सुरू. परत सुरू करायला उशीर होतो, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. हात कुणाचे याची पाळी आधीच ठरलेली हवी.

मग आम्ही काय केलं ते सांगते. पेटीच्या वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत पेंटरकडून लिहून घेतलं, मराठीत आणि तेलुगूत, कारण आमच्याकडे निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात आणि घाबरल्यावर माणूस घरचीच भाषा वाचतो: मशीन शॉक नको म्हणालं तरी छाती दाबत राहा. माणूस हलला, डोळे उघडले, नीट श्वास घ्यायला लागला तरच थांबा. आणि नीट श्वास म्हणजे काय तेही शिकवलं, कारण हृदय बंद पडलेला माणूस सुरुवातीला अधूनमधून घशातून घरघर करत आचके देतो आणि लोक म्हणतात श्वास चालू आहे की. तो श्वास नाही. तसले आचके दिसले तरी दाबायचं. हृदय चालू असलेल्या माणसाची छाती थोडा वेळ दाबली गेली तर फार मोठं नुकसान सहसा होत नाही, बरगडी दुखेल, क्वचित मोडेल, आणि बंद असलेल्याची सोडली तर तो गेला. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी जी पद्धत दिली ती पण हीच, तोंडाने श्वास द्यायची भानगड नाही, नुसतं दाबत राहायचं, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांचा मोठा संकोच निघून जातो.

संकोचावरून आठवलं, बायकांचं काय. हेमिंग आणि पॅकिंगला बायकाच जास्त, आणि पॅड उघड्या छातीलाच लावावे लागतात, ब्लाऊजवरून चालत नाहीत. ट्रेनिंगला हा विषय निघाला तेव्हा शांतता पसरली आणि मग अक्काच म्हणाल्या, चादरी कशाला आहेत मग, चौघींनी चार कोपरे धरायचे. आता पेटीखालच्या कपाटात दोन चादरी घडी करून ठेवल्यात, सोलापुरी, जाड, आडोशाला एकदम बरोबर, आणि त्याच्या शेजारी टॉवेल, कारण घामेजलेल्या अंगाला पॅड चिकटत नाही, आधी खसाखसा पुसून घ्यायचं. किटमध्ये रेझर आणि कात्री आहे, छातीवर फार केस असतील तर दोन हात मारायचे. पॅडखाली सोन्याची चेन येत असेल तर बाजूला सरकवायची. लहान मुलांसाठी वेगळे पॅड किंवा वेगळी किल्ली असते, साधारण ८ वर्षांच्या आतल्यांसाठी, फॅक्टरीला लागत नाहीत पण सोसायटीने आणि शाळेने घ्यावेत.

सोलापूरच्या उन्हाचं काय, हा माझा दुसरा मोठा आक्षेप, आणि हा डीलरवर. मशीन ५० अंशांपर्यंत चालतं असं कागदावर आहे. मे महिन्यात बाहेर ४३-४४ असतं तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्यालगत काय होतं ते इथे काम करणाऱ्याला विचारा. डीलरच्या माणसाने पेटी लूम शेडच्या भिंतीवर, पत्र्याच्या हातभर खाली, पश्चिमेच्या बाजूला लावायला सांगितलं, "दिसायला चांगलं." पॅडच्या आतलं जेल उष्णतेने सुकतं, सुकलेला पॅड चिकटत नाही, आणि चिकटला नाही तर मशीन नुसतं पॅड तपासा पॅड तपासा करत बसतं. मी ऐकलं नाही, पेटी ऑफिस आणि शेडच्या मधल्या पॅसेजमध्ये लावली, जिथे सावली आहे, वारा आहे, कुलूप नाही आणि तिन्ही पाळ्यांना पोहोचता येतं. कुलूप लावू नका. मालकांच्या केबिनमध्ये तर अजिबात ठेवू नका, रविवारी रात्रपाळीला केबिनची किल्ली कुणाकडे असते?

पॅडची मुदत संपते, साधारण दोनेक वर्षांत, आणि बॅटरी चार-पाच वर्षांत, वापर झाला नाही तरी. एकदा वापरलेले पॅड फेकूनच द्यायचे. हा खर्च कोटेशनमध्ये नव्हता, मी विचारल्यावर सांगितला. एक जादा पॅडचा सेट घेऊनच ठेवा. सुताची धूळ आमच्याकडे सगळीकडे बसते, त्यामुळे पेटीला रबरी पट्टीचं झाकण बसवून घेतलं, मशीन स्वतः धुळीला टिकणारं आहे पण पेटीतल्या कात्रीवर, पाकिटांवर थर साचतो. मराठी आवाज नाही, हिंदी आणि इंग्रजीच, महाराष्ट्रात एवढी मशीन विकणाऱ्यांनी एवढं करायला हरकत नव्हती, फोन करून कळवलंय, बघू म्हणाले.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात घ्या, फॅक्टरीत मशीनचा उपयोग नक्की कुणाला. शेडमध्ये कुणाला विजेचा धक्का बसला तर हृदय बहुतेक वेळा थरथरायला लागतं, व्हीएफ, तिथे शॉक मिळाला तर माणूस उठून बसू शकतो (आधी मेन स्विच बंद, मग हात). मोठा हार्ट अटॅक येऊन कोसळला तरी सुरुवातीला बऱ्याचदा तेच असतं. पण ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या) टाकीत पडला, गुदमरला, मशीनमध्ये हात अडकून फार रक्त गेलं, तर हृदय शॉकच्या प्रकारात नसतं, तिथे मशीन शॉक नको म्हणणार, आणि तिथेच लोक हात सोडून उभे राहणार. अशा माणसाला वाचवायचं तर दाबणं, गुदमरला असेल तर श्वास देता येणाऱ्याने श्वास देणं, रक्त थांबवणं आणि १०८ येईपर्यंत न थांबणं एवढंच आपल्या हातात. तिथे मशीन ताल धरून देतं, तेवढी त्याची मदत घ्या.

गड्ड्याच्या वेळी नंदीध्वज निघतात तेव्हा लाखो लोक रस्त्यावर असतात, उपाशी, उन्हात, त्यात साठीच्या पुढचे कितीतरी मानकरी आणि भाविक. मंदिर परिसरात, होम मैदानावर, एसटी स्टँडला, रेल्वे स्टेशनला अशी मशीन दिसावीत आणि पोलीस, होमगार्ड, गणेश मंडळाच्या पोरांना दाबायला शिकवलेलं असावं असं मला फार वाटतं. डॉ. कोटणीसांचं गाव आहे आपलं.

रेटिंग विचाराल तर मशीनला पाचपैकी चार, एक त्या "जरूरत हो तो" साठी कापला. डीलरला अडीच. ट्रेनिंग देणाऱ्या सरांना पाच, कारण तो तिसरा प्रसंग त्यांनी आपणहून लावला, कोटेशनमध्ये फक्त शॉकचा डेमो होता. तुम्ही घ्याल तेव्हा शॉक नको वाला प्रसंग लेखी मागून घ्या, दर सहा महिन्यांनी परत ट्रेनिंग मिळेल असं बिलावर लिहून घ्या, आणि त्या दिवशी रात्रपाळीवाल्यांनाही बोलवा. आमचं पुढचं ट्रेनिंग संक्रांतीनंतर आहे, आजूबाजूच्या युनिटमधल्या कुणाला यायचं असेल तर गेटवर टाईम ऑफिसला नाव सांगून ठेवा, कँटीनमध्ये जागा भरपूर आहे.